शी-रा: अडोरा, कॅट्रा आणि त्यांना वाढवणारी शॅडो वीव्हर

आडवाट

आधीच सांगतो, पाचही सीझनचं कथानक खाली फुटलेलं आहे. ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी ती बघून मग वाचा.

नेटफ्लिक्सवरच्या 'शी-रा अँड द प्रिन्सेसेस ऑफ पॉवर'वर मित्रमंडळींत जेवढं बोलणं होतं, ते सगळं शेवटच्या भागातल्या एका चुंबनाभोवती फिरतं. अडोरा आणि कॅट्रा, दोघी मुली, एक नायिका आणि एक खलनायिका, आणि त्यांनी एकमेकींवरच्या प्रेमाची कबुली दिल्यावर अख्खा ग्रह वाचतो. मुलांसाठी काढलेल्या सुपरहिरो कार्टूनमध्ये हे घडलं, त्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण मालिकेचा खरा जीव या दोघींना लहानाचं मोठं करणाऱ्या बाईत आहे असं मला वाटतं, आणि त्यावर इथल्या लोकांशी बोलायचं आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ शी-रा १९८५ची, फिल्मेशन स्टुडिओची. ही-मॅनची जुळी बहीण. एन. डी. स्टीव्हन्सन यांनी ती नव्याने रचली. १३ नोव्हेंबर २०१८ ते १५ मे २०२०, पाच सीझन, ५२ भाग. नव्या मालिकेतून जुळा भाऊ गेला आणि त्याच्या जागी कॅट्रा आली, म्हणजे रक्ताचं नातं काढून सोबत वाढल्याचं नातं आणलं. होर्ड नावाच्या लष्कराच्या फ्राइट झोनमध्ये या दोघी अनाथ मुली सैनिक म्हणून वाढतात. पुढे अडोरा होर्ड सोडते, शी-रा होते आणि होर्डविरुद्ध लढणाऱ्या बंडखोर राजकन्यांना मिळते. कॅट्रा होर्डमध्येच राहते. कॅट्रा अडोराच्या पायथ्याशी अंगाचं मुटकुळं करून झोपते. त्यांचं सगळं बघणारी शॅडो वीव्हर. जादूगार, तोंडावर मुखवटा, आणि लॉरेन टूसाँ यांचा तो आवाज. अडोराशी बोलताना या आवाजात साय असते. कॅट्राचं नाव घेताना तोच आवाज धार लावून येतो.

पहिल्या सीझनमधला 'प्रॉमिस' हा भाग आठवा. तोवर दोघी शत्रू झाल्यात, एका जुन्या वास्तूत अडकल्यात, आणि ती वास्तू त्यांना त्यांच्याच लहानपणाच्या आठवणींत फिरवते. एका आठवणीत दोन्ही पोरी जिथे जायला मनाई आहे त्या खोलीत शिरलेल्या असतात. शॅडो वीव्हर येते. एवढ्याशा कॅट्राला जादूने जागच्या जागी थिजवते आणि धमकावते: अडोराचं नुकसान होईल असं काही केलंस तर तुझा निकाल मी स्वतः लावीन. मग अडोराकडे वळते, गालाला हात लावते आणि मऊ आवाजात सांगते की हिला ताब्यात ठेवायचं काम तुझं.

मी हे दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलंय. एका पोरीला कळलं की मी या घरात दुसरीच्या मेहेरबानीवर आहे. दुसरीला कळलं की हिच्या चुकीचा जाब मला द्यावा लागणार. आणि दोघी त्याच वयात एकमेकींना वचन देतात की तू मला सांभाळ, मी तुला सांभाळते. पुढच्या पाच सीझनमध्ये जी लढाई चालते ती या खोलीतच पेटलेली आहे.

आता माझा मुद्दा. एथेरियावर, म्हणजे मालिकेतल्या ग्रहावर, कुणालाही 'मला मुलगी आवडते' असं घरी सांगावं लागत नाही. नेटॉसा आणि स्पिनरेला या राजकन्या एकमेकींच्या बायका आहेत आणि त्यावर कुणाची भुवई वर जात नाही. 'प्रिन्सेस प्रॉम' या भागात कॅट्रा सूट घालून येते, अडोराबरोबर नाचते, आणि बाकीच्यांची चिंता एवढीच की ही होर्डची आहे, काहीतरी घातपात करणार. क्वीअर असण्यावरून होणारा वाद घरातून असा बाजूला काढला की मागे नुसतं घर उरतं. कोण लाडकं, कोण नकोसं, कुणी काय केलं की माया मिळते आणि कशाने आटते. आपल्याकडे समलिंगी मुलांच्या घराची गोष्ट 'सांगितलं का, आणि मग काय झालं' या एका प्रसंगात आटोपते. त्या प्रसंगाच्या आधीची पंधरा-सतरा वर्षं त्या पोराने त्याच घरात काढलेली असतात, त्याबद्दल कुणी विचारत नाही.

आणि त्याची दुसरी बाजू म्हणजे अडोराचा मित्र बो. दुसऱ्या सीझनमधला 'रियुनियन' बघा. बोला दोन वडील आहेत, जॉर्ज आणि लान्स, दोघे इतिहासाचे अभ्यासक, जंगलात ग्रंथालय थाटून राहणारे. प्रेमळ आहेत, मिठ्या मारतात, खाऊपिऊ घालतात. आणि त्यांच्या मुलाने त्यांच्यापासून सगळं आयुष्य लपवलंय! त्यांना वाटतंय की तो दूरच्या शाळेत इतिहास शिकतोय. तो आहे बंडखोरांच्या फौजेत तिरंदाज. युद्धाचे चटके सोसलेल्या जॉर्जला लढाईचा तिटकारा आहे, म्हणून पोरगं घाबरून गप्प. अडोरा आणि त्यांची मैत्रीण राजकन्या ग्लिमर मागोमाग तिथे पोचतात तेव्हा तो त्यांच्यासमोर वडिलांशी धडाधड खोटं बोलतो, कपडेसुद्धा बदलून वावरतो. दोन पुरुषांचं घर आहे म्हणून ते आपोआप मनातलं सांगता येण्यासारखं घर होत नाही. खरं बाहेर पडल्यावर वडिलांना सगळ्यात जास्त लागतं ते हे, की आपल्या घरात याला स्वतःला लपवावं लागलं. लपवल्याबद्दल ते त्याला धारेवर धरत नाहीत. तसं वाटायला आपण लावलं म्हणून त्याची माफी मागतात.

मुलाने कसं सांगावं याचे सल्ले पुष्कळ मिळतात. मला या मालिकेतून दिसलं ते हे की सांगता येईल असं घर करणं हे मोठ्यांचं काम आहे आणि ते फार आधी सुरू होतं.

आता प्रश्न, ज्यावर माझी आणि माझ्या मैत्रिणीची अजून जुंपते. शेवटी शॅडो वीव्हर कॅट्राला आणि अडोराला वाचवण्यासाठी जीव देते. कॅट्राला म्हणते, मला तुझा अभिमान आहे. एवढ्याने तिचं मागचं फिटलं का?


रानजाई

छान लिहिलंय. दूरदर्शनवर ही-मॅन बघत वाढलेली मी, त्यामुळे लेकीने शी-रा लावली तेव्हा आधी उत्सुकतेने बसले आणि मग तिच्याइतकीच अडकले. लेक आत्ता अकरावीत आहे.

मी शॅडो वीव्हरच्या बाजूने थोडं बोलते. दुसऱ्या सीझनमधला 'लाइट स्पिनर' विसरू नका. ती मुळात मिस्टाकोर या जादूगारांच्या ठिकाणची शिक्षिका होती, हुशार, महत्त्वाकांक्षी. वरच्यांनी तिचं ऐकलं नाही, तिने नको ती जादू ओढवून घेतली, चेहरा जळला, घरदार सुटलं. होर्डमध्ये त्यांचा प्रमुख हॉर्डॅक याच्या मर्जीवर जगणारी बाई आहे ती. तिला ज्या पोरीत ताकद दिसली तिला तिने जपलं, आणि जिच्यात स्वतःची सावली दिसली तिला बदडलं. मी असे आईबाप बघितलेत. स्वतःसारखं मूल त्यांना सोसत नाही.

शेवटी तिला कळलं, असं मला वाटतं. मुखवटा काढते ती. आख्ख्या मालिकेत जिने चेहरा झाकला ती बाई कॅट्रासमोर उघड्या चेहऱ्याने उभी राहते. लेकरासाठी जीव दिला यापेक्षा एखाद्या आईने अजून काय करायचं? उशिरा आलेली माफी माफीच असते.


निमिष_क

रानजाई ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून, मला हे अजिबात पटत नाही.

तिने माफी मागितलीच नाही. परत बघा. अभिमान आहे म्हणते, तुझी तर आता सुरुवात आहे म्हणते, आणि शेवटचे शब्द काय? 'यू आर वेलकम'. आभार मानायच्या आधीच आभारांचा स्वीकार! म्हणजे जातानाही उपकाराचं ओझं कॅट्राच्या डोक्यावर. मुखवटा काढला ते मला दिसलं, मीही रडलो, कॅट्रा रडते ते तर बघवत नाही. पण कॅट्राचं रडणं खरं आहे म्हणून शॅडो वीव्हरचं फिटलं असं होत नाही. त्याच्या आदल्याच भागांत काय चाललेलं असतं? अडोराला जगाच्या भल्यासाठी मरायला तयार करणं, आणि कॅट्राला ऐकवणं की तू तिचं लक्ष विचलित करतेस, तिला मागे ओढतेस. लहानपणी जे बोलली तेच, शब्द फक्त बदलले.

'लाइट स्पिनर'मध्येच तो कोठडीतला प्रसंग आहे. शॅडो वीव्हर तेव्हा होर्डच्याच कैदेत असते. कॅट्रा तिला जेवण नेऊन देते, लपवून तिची जुनी वस्तू आणून देते, कारण ही बाई आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी गोड बोलली, गालावरून हात फिरवला. त्याच वस्तूच्या जोरावर शॅडो वीव्हर पळून जाते. कुठे, तर अडोराकडे. रिकाम्या कोठडीसमोर उभ्या कॅट्राचा चेहरा बघून मी लॅपटॉप बंद केला होता.

माझं सांगतो. घरी सांगितल्यावर आमच्याकडे आरडाओरडा झाला नाही. आईने त्याच रात्री भातावर नेहमीसारखं तूप वाढलं. बाबांनी माझ्याशी क्रिकेटवर बोलणं बंद केलं, बस. भारताची मॅच चालू असते, मी शेजारी बसलेला असतो, आणि ते आतल्या खोलीतून दादाला हाक मारून विचारतात, 'स्कोअर किती झाला रे?' बाहेरून बघणाऱ्याला वाटेल यांच्या घरात काय प्रॉब्लेम आहे. म्हणून मला कॅट्राचा राग कळतो. ती वाईट वागते, फार वाईट वागते, तिसऱ्या सीझनच्या शेवटी तर जग मोडलं तरी चालेल पण अडोरा जिंकायला नको म्हणून ती जग मोडणाऱ्या त्या यंत्राचा दांडा ओढते. तरीही मला कळतं ती कुठून बोलतेय.


रानजाई

निमिष, बाळा, तुझं वाचून गलबलून आलं. तुझ्या बाबांचं मी समर्थन करत नाहीये. 'यू आर वेलकम' मी पुन्हा ऐकते. मला ते एका गर्विष्ठ बाईचं प्रेम वाटलं होतं, जिला दुसरे शब्द येतच नाहीत. अजूनही थोडं तसंच वाटतंय.


तळटीप

अ‍ॅनिमेशनच्या इतिहासातून एक भर घालतो, कारण आडवाट यांनी घराचा मुद्दा काढलाय आणि त्याला एक जुनं उदाहरण आहे.

'स्टॅटिक शॉक', २००० ते २००४. कृष्णवर्णीय किशोर सुपरहिरो व्हर्जिल आणि त्याचा गोरा जिवलग मित्र रिची. पहिल्या सीझनमध्ये एक भाग आहे, 'सन्स ऑफ द फादर्स'. रिचीने व्हर्जिलला कधी आपल्या घरी आणलेलं नसतं. का, ते व्हर्जिल राहायला जातो तेव्हा कळतं. रिचीचे वडील वर्णद्वेष्टे आहेत. रिची शरमेने घर सोडून पळतो आणि त्याला शोधायला दोघांचे वडील एकत्र निघतात. त्या काळच्या शनिवार सकाळच्या कार्टूनसाठी ही फार धाडसी गोष्ट होती.

पण ज्या कॉमिकवरून ही मालिका आली त्यात रिचीच्या जागी असलेला मित्र समलिंगी आहे. ड्वेन मॅक्डफी, स्टॅटिकच्या निर्मात्यांपैकी एक, यांनी नंतर सांगितलं होतं की कार्टूनमधला रिचीही त्यांच्या मनात समलिंगीच होता, पडद्यावर दाखवता येण्यासारखं नव्हतं. म्हणजे बापाचा वर्णद्वेष दाखवायला मुभा आणि पोराचं मन दाखवायला बंदी. आता तो भाग बघताना बापापासून घरातलं इतकं काही लपवणारा रिची दुप्पट एकटा दिसतो.

तिथून शी-रापर्यंत यायला वेळ लागला. २०१४ मध्ये 'द लेजंड ऑफ कोरा' संपली तेव्हा दोन मुलींनी हातात हात धरण्यावर थांबावं लागलं. २०१८ च्या जुलैत 'स्टीव्हन युनिव्हर्स'मध्ये रूबी आणि सफायरचं लग्न लागलं, त्यासाठी ती मालिका रचणाऱ्या रिबेका शुगर यांना आत बराच झगडा करावा लागला. स्टीव्हन्सन यांनीही सांगितलंय की अडोरा-कॅट्राचं प्रेम सुरुवातीपासून मनात होतं, पण स्टुडिओकडून मोकळीक टप्प्याटप्प्याने मिळवावी लागली. मला वाटतं त्याचा एक फायदा झाला. कबुली लवकर देता येणार नव्हती, म्हणून लेखकांनी ते नातं बालपणात, रागात, मत्सरात खोलवर रुजवलं. शेवटी परवानगी मिळाली तेव्हा मागे चार सीझनचं घर उभं होतं.


कातळ

चर्चा छान आहे, पण मी विरुद्ध बाजूने लिहितो.

एथेरियावर कुणालाच काही वाटत नाही, हे सोयीचं आहे. निमिषच्या बाबांनी बोलणं टाकलं ते तो कॅट्रासारखा उद्धट आहे म्हणून नाही. तो समलिंगी आहे म्हणून. मालिकेने तेवढंच कारण काढून टाकलं आणि आपण म्हणतोय की घराबद्दल किती खरं सांगितलं. मला हे मोठ्या दुखण्याला बगल दिल्यासारखं वाटतं. वस्तीतल्या, गावातल्या पोराला बोच्या वडिलांसारखे वडील बघून काय मिळणार? हेवा मिळेल फार तर.

त्यापेक्षा मला 'यंग जस्टिस' ही सुपरहिरो कार्टून मालिका प्रामाणिक वाटते. २०१९ च्या 'आउटसाइडर्स' सीझनमधलं हेलो (Halo) हे पात्र. क्वराक नावाच्या काल्पनिक देशातून आलेल्या निर्वासित मुलीच्या देहात जागी झालेली व्यक्ती, हिजाब घालते, आणि आपण मुलगा की मुलगी हे दोन्ही तिला लागू वाटत नाही. वर्गातली हार्पर रो आणि ती एकमेकींच्या जवळ येतात. हार्परला घरी जायचीच भीती, कारण बाप. तिथे जग आपल्यासारखं आहे, पोलीस आहेत, शाळा आहे, लोक काय म्हणतील आहे.


आडवाट

कातळ, तुमचा आक्षेप योग्य ठिकाणी आहे. हार्परचा भाग मलाही आवडला होता. तक्रार एवढीच की 'यंग जस्टिस'मध्ये पात्रांची इतकी गर्दी आहे की हार्परच्या घरात आपल्याला नीट शिरताच येत नाही. दारापर्यंत नेतात आणि दुसऱ्या मोहिमेवर पळतात. शी-राने दोन पोरी आणि एक बाई घेतली आणि ५२ भाग त्यांच्यापाशी थांबली.

बगल देण्याबद्दल. निमिषने सांगितलेल्या गोष्टीत मला क्रिकेटचं दिसलं. बोलणं काढून घेणं ही शिक्षा त्या घराला आधीपासून येत असणार, कारण वेगळं. शॅडो वीव्हरची माया जशी अटींवर चालते तशीच. समलिंगी असणं ही अट मोडणारी शेवटची गोष्ट ठरते, अट आधीची असते. निमिष, मी तुझ्या घराबद्दल चुकीचं बोलत असेन तर सांग.


निमिष_क

चुकीचं नाही. दहावीला कमी मार्क पडले तेव्हाही असंच झालं होतं. तेव्हा बरेच दिवस माझ्याशी फक्त आईमार्फत बोलायचे. तेव्हा मला माझं स्वतःचंही काही कळलेलं नव्हतं.


खडू_फळा

मी माध्यमिक शाळेत शिकवते, कोल्हापूर भागात. सगळे कॅट्राबद्दल बोलताहेत, आणि ते साहजिक आहे, कारण जखम तिची दिसते. मला अडोराची काळजी वाटते. शहाणं मूल.

वर्गात ही मुलं मी लगेच ओळखते. वह्या पूर्ण, धाकट्या भावंडाचा डबासुद्धा हीच भरते, आणि कुणी शाबासकी दिली की आधी घाबरते. अडोराला लहानपणी सांगितलं गेलं की तुझी किंमत तू काय करून दाखवतेस त्यात आहे. म्हणून ती होर्ड सोडून चांगल्यांच्या बाजूला येते तरी आतून तशीच राहते. आधी होर्डसाठी राबायची, आता राजकन्यांसाठी राबते. चौथ्या सीझनमध्ये ग्लिमर राणी होते तेव्हा दोघींचं बिनसतं, त्याचं एक कारण हेच की अडोराला दुसऱ्याला सांभाळण्यापलीकडे प्रेम करता येत नाही, आणि आई गमावलेल्या ग्लिमरला सांभाळून घेतलेलं नको असतं.

शेवटी ती ग्रहाच्या गाभ्याशी जाते तेव्हा मरायची तयारी करून जाते. लोकांना तो पराक्रम वाटतो. मला ते तिच्या संगोपनाचं फळ वाटलं. मग अडोराच्या आधीची शी-रा, मारा, तिला येऊन सांगते की इतरांना तू जे देतेस त्यापेक्षा तू जास्त मोलाची आहेस, तुलाही प्रेम मिळायला हवं. हे तिला उभ्या आयुष्यात कुणी मोठ्या माणसाने सांगितलेलं नसतं. आणि कॅट्रा तिच्याकडे काय मागते? जग वाचव म्हणत नाही. माझ्यावर प्रेम आहे म्हणून एकदा तरी थांब, म्हणते. अडोराला स्वतःसाठी काहीतरी हवं असणं हे पहिल्यांदा परवडतं.

ज्या मुलींना मुली आवडतात त्यांतल्या कितीतरी अशा शहाण्याच असतात. घराने बोट दाखवायला काही उरू नये म्हणून सगळ्या बाबतीत पहिला नंबर. माझी एक माजी विद्यार्थिनी नोकरीला लागली, घराचं कर्ज फेडलं, भावाचं शिक्षण केलं, आणि मग मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, 'बाई, आता तरी सांगू शकते ना मी घरी?' तिला वाटत होतं की सांगायचा हक्क आधी कमवावा लागतो.


तळटीप

बाई, हे वाचून अडोराचं पात्र पुन्हा नव्याने बघावं लागणार. तो 'शब्द पाळायचाच' वाला हट्टसुद्धा त्यातलाच.


उभा_दावा

वकिली पेशातला असल्याने थोडं अवांतर, पण घराच्याच मुद्द्यावर.

कलम ३७७ वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. शी-रा त्यानंतर दोनेक महिन्यांत आली. गुन्हा गेला, पण घरचं कोर्ट तसंच चालू. मद्रास उच्च न्यायालयात सुषमा नावाने ओळखला जाणारा खटला मला इथे आठवला. मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईला आल्या, घरच्यांनी बेपत्ता असल्याच्या तक्रारी दिल्या, पोलीस मागे लागले म्हणून दोघी संरक्षण मागायला न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल द्यायच्या आधी मुलींना आणि पालकांना समुपदेशकाकडे पाठवलं, आणि हा विषय मलाही समजून घ्यायला हवा असं म्हणून स्वतःही मानसशास्त्रज्ञांसोबत बसले. ७ जून २०२१ च्या आदेशात पोलिसांपासून शाळांपर्यंत सगळ्यांना सूचना आहेत.

त्या प्रकरणातली पालकांची बाजू माझ्या लक्षात राहिली. त्यांचं म्हणणं असं होतं की मुलींनी बाईबरोबर संसार करण्यापेक्षा जन्मभर एकटं राहिलं तरी चालेल, ते जास्त प्रतिष्ठेचं. पोटच्या मुलीने आयुष्यभर एकटं राहावं हे आईबापाला चालतं! रानजाई ताई, तुम्ही म्हणालात लेकरासाठी जीव देण्यापेक्षा अजून काय करायचं. हे आईबापही वेळ आली तर जीव देतील, याबद्दल मला शंका नाही. त्या मुलींना त्यांच्याकडून जीव नको होता.


रानजाई

हे मात्र थेट लागलं. विचार करते.


अबोली_वेलिंग्टन

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, मराठी टायपिंग हळू आहे. वय १९, न्यूझीलंडमध्ये वाढले, आजी सध्या आमच्याकडे राहायला आलीय. आईबाबांना माहीत आहे आणि ते ठीक आहेत. आजीला सांगायचं आहे. थेट सांगायच्या आधी तिच्यासोबत शी-रामधलं काहीतरी बघावं असं मनात आहे. सगळी मालिका ती बघणार नाही. एकच भाग दाखवायचा तर कुठला? शेवटचा दाखवला तर तिला काहीच कळणार नाही.


खडू_फळा

अबोली, 'रियुनियन'. त्याला मागचंपुढचं फार लागत नाही. हा मुलगा लढाईत आहे आणि घरी माहीत नाही, एवढं सांगितलं की पुरे. मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगत जा. दोन वडील आहेत ते वेगळं सांगू नकोस, दिसेलच.


निमिष_क

+१. आणि बघून झालं की लगेच तुझं सांगायलाच हवं असं काही नाही हं. तिला आधी भागावर बोलू दे.


अबोली_वेलिंग्टन

काल रात्री बघितला. आजी पूर्ण वेळ जॉर्जच्या बाजूने होती! म्हणाली, लढाईला पोराला कोण पाठवेल, बापाचं काय चुकलं, पोराने खोटं बोलायला नको होतं. माझ्याशी वाद घातला. मी म्हटलं, आजी, त्याला भीती वाटली म्हणून खोटं बोलला. तर म्हणाली, इतकी माया करतात ते दोघं, मग भीती कसली? 'ते दोघं' असं अगदी सहज म्हणाली. तिला कळलंय की नाही ते मला खरंच सांगता येत नाही. झोपायला जाताना विचारत होती की त्या गुलाबी केसांच्या मुलीची आई कुठे असते.

आता पुढे काय दाखवू?


आडवाट

ग्लिमरची आई विचारतेय म्हणजे पहिल्या सीझनची सुरुवात दाखव. राणी अँजेला लेकीला लढाईवर जाऊ देत नाही, खोलीत बसवून ठेवते, आणि ग्लिमर गुपचूप सटकते. आजी पुन्हा आईचीच बाजू घेणार, तर घेऊ दे, तू ग्लिमरची घे. 'प्रॉमिस' मात्र घाईने दाखवू नकोस. तिथवर आजीला दोघी पोरींचा लळा लागू दे.